मास्क खाली करून

सानपाडा,
रविवार, १३ जून १९९९

चि. सौ. प्रेमला,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. फाडण्याआधी एवढं वाच की तेजू सुखरूप पोचली. एसटीत तिला एकदाच उलटी झाली, तीही उदयच्या नव्या पँटवर. आल्या आल्या वरण-भात खाल्ला आणि माझ्या पलंगावर आडवी पसरून झोपली, मला भिंतीकडेला चार बोटं जागा ठेवून.

तीन वर्षांत आपण एकमेकींना ओळ लिहिलेली नाही. भैरूच्या दुकानात फोन आहे, पण तुला उठून तिथवर जाता येत नाही, आणि तुझ्या भावाच्या दुकानात फोन वाजला की अर्धं देऊर ऐकायला गोळा होतं. तेव्हा पत्रच बरं. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा आणखी एक फायदा.

तुझी अट उदयने मला शब्दशः सांगितली. 'वन्संनी पोरीला दवाखान्याची पायरी चढवायची न्हाय.' मान्य आहे. सातव्या महिन्यात तुझं रक्त गेलं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, पोरीमागे धावायला कुणी नाही, म्हणून तू तिला बापाकडे पाठवलंस. उदय राहतो बहिणीच्या खोलीत, त्याला तुझा इलाज नाही. माझ्यावर विश्वास बसलाय असा गैरसमज मी करून घेतलेला नाही.

शहाण्णव साली या खोलीतून जाताना तू जे बोललीस ते मला पाठ आहे. 'ओठ शिवला, टाळू शिवली, टाळूचं राहिलेलं भोक बुजवलं. तीनदा भूल दिली माझ्या लेकराला. तोंड नीट केलं आन् डोकं घालवलं.' मी तुला अडाणी म्हणाले. वीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर असल्याचा माज होता तो. तो शब्द मी मागे घेते. तोंडाने म्हणायला मला जमणार नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

माझी ड्यूटी सुटेपर्यंत तेजू शेजारच्या विमलबाईंकडे राहील. डाव्या कुशीवर झोप.

सुनयना


सानपाडा,
रविवार, २७ जून १९९९

चि. सौ. प्रेमला,

उत्तर नाही, म्हणजे तब्येत बरी आहे असं धरून चालते. बरी नसतीस तर भैरूने उदयला कळवलं असतं.

तेजूचं सांगायचं तर ती इथे वेगळीच आहे. उदय मार्केटमधून आला की जिन्यातूनच तिला हाक मारतो. त्याचा आवाज तुला काय सांगायचा. पंधरा वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहिल्या, ट्रकवरच्या माणसाशी खालून बोलायची सवय, घरातही तसाच बोलतो. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, तुमच्याकडे भाजी काय आहे ते आम्हाला रोज कळतं. तर तो म्हणतो, 'तेजे, कांदं आण,' की ती आणते. 'मोज,' म्हणाला की वीसपर्यंत मोजते. नाकातून बोलते, अर्धे शब्द खाते, पण मोजते. किसन गुरुजींनी हिला पहिलीत घ्यायला नकार दिला ना, त्यांना एकदा इथे आणून बसवलं पाहिजे.

आता रागावू नकोस, किंवा रागाव. मला वाटतं पोरीकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवं होतं. देऊरला ती नुसती बसून होती. पंधरा दिवस माझ्या हाताखाली आली आणि फरक दिसला. मनात आलं ते लिहिलं.

विमलबाईंकडे मात्र ती गप्प असते म्हणे. त्या ओट्याशी उभ्या राहून चार हाका मारतात, ही टीव्हीसमोर ढिम्म. विमलबाईंना वाटतं ती मुद्दाम करते. मला वाटतं विमलबाईंचं तोंड दिवसभर चालू असतं, त्यातली हाक कुठली आणि बडबड कुठली हे मलाही कळत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. उदयने मतिमंद मुलांच्या एका शाळेचा फॉर्म आणलाय. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तो फॉर्म फ्रीजवर पडला आहे आणि मी त्यावर रव्याचा डबा ठेवलाय, म्हणजे रोज दिसायला नको. काल उदय मला म्हणाला, 'आक्का, समजा प्रेमला म्हणते तेच खरं असलं तर?' मी त्याला जेवायला वाढलं.

सुनयना


सानपाडा,
शुक्रवार, ९ जुलै १९९९

प्रेमला,

बसली असशील तर आडवी हो आणि मग वाच. मी तुझी अट मोडली.

परवा विमलबाईंच्या पनवेलच्या जावेच्या आईचं दहावं होतं. त्या सकाळीच गेल्या. उदयची पाळी, माझ्या तीन केसेस, रजा मिळेना. तेजूला बरोबर नेलं. थिएटरच्या आत नेलेलं नाही. आमची कपडे बदलायची खोली आहे, तिथे पाटी-पेन्सिल आणि बिस्किटांचा पुडा देऊन बसवलं. पायऱ्या मात्र चढवल्या, मोजून बावीस. त्याबद्दल तू काय बोलायचं ते बोल. आधी पुढचं ऐक.

दुसरी केस झाल्यावर मी दारात आले. टोपी, गाऊन, मास्क, सगळं अंगावर होतं. म्हणाले, 'तेजू, चल, डबा खाऊ.' ती माझ्याकडे बघत होती. नीट डोळ्यांत बघत होती. आणि जागची हलली नाही. पुन्हा म्हणाले. तीच ती. मला राग आला. गुरुजी खरं बोलतात असं वाटलं, तू खरं बोलतेस असं वाटलं. घामाने जीव गुदमरला म्हणून मास्क खाली ओढला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले. पोर टुणकन उठली आणि पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर धरला.

मी तिथेच स्टुलावर बसले. मग मास्क वर केला आणि म्हणाले, 'पाटी दे.' काही नाही. खाली केला, 'पाटी दे.' दिली. वर करून, 'पाणी आण.' ती हसायला लागली, तिला वाटलं खेळ आहे. खाली केल्यावर पाणी घेऊन आली. असं सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. शेवटी तिच्या पाठीमागे जाऊन, मास्क काढून, रोज बोलते त्या आवाजात म्हणाले, 'तेजू, तुझी आई आली.' तिने मान वळवली नाही. ती बिस्किटाची क्रीम चाटत होती.

तेवढ्यात आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टर चहाला आल्या. डॉ. तूबा मुकादम. तुझ्या लक्षात असतील, म्हसळ्याच्या, उंच, तिन्ही वेळी तेजूला त्यांनीच भूल दिली होती. हसत म्हणाल्या, 'सिस्टर, काय खेळ चाललाय?' मी खेळ करून दाखवला. त्यांचं हसू गेलं. चहा तसाच ठेवून त्या तेजूच्या मागे उभ्या राहिल्या आणि स्वतः हाक मारून बघितली.

प्रेमला, ही पोर आपली तोंडं बघून बोलणं ओळखते. तिला कमी ऐकू येतं. उदय ओरडतो म्हणून त्याच्याकडे ती हुशार, आणि विमलबाई भांड्यांकडे तोंड करून हाका मारतात म्हणून तिथे मठ्ठ. तू मुळातच हळू बोलतेस, त्यात रक्त गेल्यापासून कुशीवर पडून, भिंतीकडे तोंड करून. मागच्या पत्रात मी माझी पाठ थोपटून घेतली आणि तुला नको ते ऐकवलं. ती करामत माझी नव्हती, माझ्या भावाच्या घशाची होती. चुकले.

आणि वीस वर्षं मास्क लावून बोलणाऱ्या बाईला हे कळायला सहा वर्षं लागली. घरात मी मास्क लावत नाही ना.

उद्या तिच्या कानाची तपासणी करून घेतेय. तुला न विचारता करतेय, कारण त्यात सुई नाही, औषध नाही, भूल नाही. कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. यापुढचं काही असेल ते तुला विचारल्याशिवाय होणार नाही.

सुनयना


सानपाडा,
सोमवार, १२ जुलै १९९९

चि. सौ. प्रेमला,

मणी फार थोडे पडले. डब्यात मणी पडायचे थांबले तरी मशीनचा काटा पुढे पुढे जातच होता, आणि ती समोरच्या ताईंच्या तोंडाकडे बघत वाट बघत होती.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. कान शाबूत आहेत, नस शाबूत आहे. कानाचे डॉक्टर म्हणाले, टाळू फाटलेल्या मुलांना हे बहुतेक होतंच. कानात हवा पोचवणारी जी नळी असते ती उघडायचं काम टाळूचे स्नायू करतात, आणि हिचे ते जन्मापासून अधू. आपण सगळे तिचं तोंड शिवत बसलो. कानात कुणी डोकावलं नाही. त्या सगळ्यांत मीही आले.

मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडले. आनंदाने रडले, प्रेमला. भाचीला ऐकू येत नाही म्हणून आनंदाने रडणारी आत्या तू बघितली नसशील. पण ऐकू न येण्याला इलाज आहे.

आता इलाज. पडद्याला बारीक छेद द्यायचा, पाणी काढायचं, आणि तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मोठं माणूस असतं तर जागेपणी झालं असतं. सहा वर्षांची पोर कानात शस्त्र जात असताना स्थिर राहणार नाही. भूल द्यावी लागेल. चौथी.

आता पुढचं सगळं मी तुला जसं ऐकलं तसं सांगते. तूबा मॅडमना मी विचारलं, 'हिच्या आईला वाटतं तिसऱ्या भुलीपर्यंत डोक्याला काहीतरी झालं. ती चुकीची आहे असं मी तिला लिहू का?'

त्या म्हणाल्या, 'तसं लिहू नका. एवढ्या लहान मेंदूवर आमची औषधं नेमकं काय करतात ते आम्हाला पुरतं माहीत नाही. बाहेरच्या देशात उंदरांच्या पिल्लांवर काम चाललंय, यंदाच त्याबद्दल वाचलं मी. पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या. पण औषधं वेगळी, दिलीही खूप तास. त्यावरून तेजश्रीचं सांगता येत नाही, आणि काहीच झालेलं नाही असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आईने विचारलं तो प्रश्न बरोबर आहे, सिस्टर. आम्ही तो आधी विचारायला हवा होता.'

ऐकलंस? ज्या प्रश्नासाठी मी तुला अडाणी म्हणाले, तो प्रश्न डॉक्टरसुद्धा विचारतायत.

मग त्या म्हणाल्या, 'पण ओठ आणि टाळू न शिवून चाललं नसतं. आणि आत्ता जे दिसतंय ते कानाचं आहे. जे बोलणं तिने ऐकलंच नाही ते ती शिकणार कुठून? थांबून बघता येईल दोन-तीन महिने. कधी कधी पाणी आपोआप जातं. हिच्या टाळूकडे बघता मला आशा कमी वाटते, आणि हिचं बोलायचं वय चाललंय.'

आता माझी गोष्ट. ही मी पाच वर्षं तुझ्यापासून लपवली.

टाळूच्या ऑपरेशनला मी हाताशी होते. तोंड उघडं ठेवायला एक चिमटा बसवतात, तो मी दिला. तो बसवताना श्वासाची नळी त्याखाली दबली. तेजूचे ओठ निळे झाले. मॅडमनी लगेच ओरडून चिमटा सैल करायला लावला आणि ती पुन्हा गुलाबी झाली. बाहेर आल्यावर तू विचारलंस, 'सगळं नीट झालं न्हवं?' मी म्हणाले, 'अगदी नीट.' तेव्हापासून तेजू एखादा शब्द चुकली की मला तो चिमटा आठवतो. तुझ्याशी भांडताना माझा आवाज एवढा का चढायचा ते आता तुला कळेल.

शनिवारी मॅडमनी जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांनी स्वतः त्या वेळी लिहिलेला. चाळीस सेकंद. बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा फार खाली गेलाच नव्हता. 'मला विचारलं असतं तर पाच वर्षांपूर्वीच सांगितलं असतं,' म्हणाल्या. मी कधी विचारलंच नव्हतं. भीती वाटायची.

सोबत एक छापील कागद पाठवतेय. भुलीच्या संमतीचा. उदय सही करायला तयार आहे आणि कायद्याने बापाची सही पुरते. पण तिन्ही वेळा आम्ही त्याचीच घेतली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, आईला समजावून सांगायचं का? मी म्हणाले, तिला काय कळतंय, मी आहे ना. तू तेव्हा दोन हातांवर बाहेर बाकावर बसली होतीस, लेकरू मांडीत घेऊन.

खालच्या रेघेवर 'आई' असं मी पेनने लिहिलंय. ती रेघ भरल्याशिवाय मी तेजूला टेबलावर चढवणार नाही. नाही म्हणायचं असेल तर कागद कोराच परत पाठव, मी तोही जपून ठेवीन आणि आपण दोन महिने थांबू.

सुनयना


सानपाडा,
गुरुवार, २२ जुलै १९९९

चि. सौ. प्रेमला,

दहा दिवस झाले. पोस्टमन माझ्याकडे बघून आता लांबूनच मान हलवतो.

मी घाई करत नाही. उदय करतो. काल म्हणाला, 'आक्का, तुमचं बायकांचं मला कळत न्हाय. मी बाप हाय का न्हाय? आण तसाच दुसरा कागद, मी करतो सही.' मी म्हणाले, बाप आहेस म्हणून जरा थांब. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तेजू त्याच्या मागे गेली आणि त्याची लुंगी धरून उभी राहिली. तो तिच्याशी वाकून, तोंडासमोर तोंड आणून बोलला. आता आम्ही सगळेच तसं बोलतो. विमलबाईसुद्धा ओट्यावरून वळून बोलतात, आणि त्यामुळे त्यांची फोडणी दोनदा करपली.

शाळेचा तो फॉर्म मी फाडला. तुला विचारलं नाही, कारण त्याच्यावर तुझी रेघ नव्हती.

तू बरी असलीस म्हणजे झालं. नाही म्हण, पण एक ओळ लिही.

सुनयना


देऊर,
ता. २३ जुलै ९९

ती. वन्सं यांस प्रेमलाचा नमस्कार.

पत्रं पोचली. सगळी पोचली. दोन-दोनदा वाचली. मी सातवी शिकलीया, वाचायला येळ लागतो, आन् लिहायला त्याहून.

पयली दोन पत्रं वाचून लई राग आला. तिसरं वाचून उशीत तोंड खुपसलं. आई म्हणाली, रडू नगस, पोटातल्याला तरास हुईल.

वन्सं, एक सांगते. आमच्याकडं सांजची लाईट जाती. लाईट गेली की तेजू एकदम गप व्हायची. कंदील लागंस्तवर बोलायची न्हाय, हाकंला ओ द्यायची न्हाय. मी म्हणायचे, पोरगी अंधाराला भितीया. सहा वर्सं पोटाशी धरून झोपले तिला, आन् अंधारात तिच्या कानात गोष्टी सांगितल्या. तिनं एकबी ऐकली नसंल. तुमी मास्कचं लिवलं तवा मला कंदील आठवला. तुमाला मास्क कळला न्हाय, मला कंदील कळला न्हाय. आता कुणी कुणाला बोलायचं?

चाळीस सेकंदाचं तुमी तवाच सांगितलं असतं तर मी लई शिव्या दिल्या असत्या. पण मग इश्वास ठेवला असता. नीट झालं म्हणताना तुमी माझ्याकडं बघितलं न्हवतं. मला तवाच कळलं हुतं काहीतरी लपवत्यात. तवापास्नं मी तुमचं काहीच खरं मानलं न्हाय.

त्या मॅडम माहीत न्हाय म्हणाल्या, तेवढंच वाचून मला बरं वाटलं. आजवर समदे माहीत हाय म्हणायचे.

कागदावर सही केलीया. आई लिवलंय त्या रेघंवर. ह्यांनाबी सही करू द्या, बाप हायेत. पण माझी एक अट हाय. भूल देताना तुमी तिच्या उशाशी उभं ऱ्हायचं, तोंडावरचं फडकं काढून. तिनं डोळं मिटंस्तवर तिच्याशी बोलायचं. मागं तीनदा ती फडकी बांधलेल्या माणसांत झोपली. ह्या खेपंला तिला कुणाचं तरी तोंड दिसू द्या.

आन् माझ्याशी खोटं बोलू नका, काय बी झालं तरी.

प्रेमला


सानपाडा,
रविवार, ८ ऑगस्ट १९९९

चि. सौ. प्रेमला,

ऑपरेशन नीट झालं. हे मी कागदाकडे बघून नाही, तुझ्याकडे बघून लिहितेय असं समज. भैरूच्या फोनवर त्याच दिवशी निरोप दिला होता, पण तो म्हणाला, 'ताईला सांगतो, आक्कांनी ओके म्हटलंय,' आणि फोन ठेवला. सहा वर्षांची गोष्ट एका शब्दात आटोपली त्याने. तेव्हा सविस्तर ऐक.

तुझी अट मॅडमना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'अजून काही उघडलेलं नाही, काढा मास्क. मीपण काढते.' काढलाही. वीस वर्षांत मी थिएटरमध्ये भूल देताना कुणाचं पूर्ण तोंड बघितलं नव्हतं. तेजू टेबलावर चढताना घाबरली होती, मॅडमचे दात बघून हसली, त्यांचा एक दात पुढे आहे. मी तिच्या डोक्याशी वाकले आणि कांदे मोजायला सांगितलं. मी मोजत होते, ती माझ्या तोंडाकडे बघून मागोमाग म्हणत होती. एक कांदा, दोन कांदे. सहापर्यंत आली. सातव्याला डोळे मिटले. माझे ओठ मॅडमनी डोळे तपासेपर्यंत हलतच होते, मी बाराव्या कांद्यावर होते. मग मी मास्क चढवला.

लपवायचं नाही ठरलंय, तर हेही लिहिते. मधे एकदा तिचा श्वास जरा उथळ झाला. मॅडमनी हनुवटी वर केली, दहा सेकंदांत नीट झाला. आकडा खाली गेला नाही. मी स्वतः बघत होते. एकूण अठरा मिनिटं. निघालेलं पाणी डिंकासारखं घट्ट होतं.

शुद्धीवर आल्यावर उदय आत आला आणि त्याने त्याच्या रोजच्या आवाजात हाक मारली, 'तेजे!' पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोंड कसंनुसं केलं. 'दादा, वरडू नका.' तिथे आम्ही चार बायका होतो, चौघीही रडलो. उदय रडला नाही. तो वाकून काहीतरी कुजबुजला. वाशी मार्केटमधल्या माणसाला कुजबुजताना मी पहिल्यांदा बघितलं. तेवढाही आवाज जिन्यापर्यंत गेला असेल, पण प्रयत्न होता.

घरी आल्यापासून ती आवाज गोळा करत हिंडतेय. पंखा, कुकर, नळाचं टपटपणं, वरच्यांचा पाटा-वरवंटा. स्वतःच्या चपला घालून खोलीत येरझारा घालते आणि थांबून ऐकते, मग पुन्हा चालते. चिमण्यांना आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. गॅलरीत बोट दाखवून मला विचारलं, 'हे रोज करतात?' मी हो म्हणाले. रोज करत होत्या ना.

संध्याकाळी दिवे घालवून मी तिच्या मागे बसले आणि हळूच म्हणाले, 'तेजू, तुझी आई येणार.' अंधारातून उत्तर आलं, 'कधी?'

लगेच हुशार होईल असं मात्र समजू नकोस. कानांचे डॉक्टर म्हणाले, तिची शब्दांची तीन-चार वर्षं मागे राहिलीत, ती भरून काढावी लागतील. बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे आठवड्यातून दोनदा जायचंय. नळ्या वर्षाभरात आपोआप पडतील आणि कदाचित पुन्हा बसवाव्या लागतील. तेव्हा पुन्हा तुझी रेघ लागेल. आणि आधीच्या तीन भुलींनी काही नेलं असेल का, ते मॅडम अजूनही सांगत नाहीत. म्हणाल्या, 'वाढू द्या. शिकवा. काही कमी वाटलं तर माझ्याकडे या, मी लपणार नाही.' मला ते पुरलं. तुला पुरेल का ते तू ठरव.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

काल दुपारी विमलबाई आल्या होत्या, बरोबर त्यांची पनवेलची जाऊ. आम्ही दारात उभ्या. तेजू आत, आमच्याकडे पाठ करून, फरशीवर बसून पाटीवर कांदे काढत होती. जावेने विचारलं, 'ही कोण?' विमलबाईंनी आवाज खाली आणला. वाईट हेतूने नाही, सवयीने. इतकी वर्षं आपण सगळे तिच्यामागे तसंच बोलत आलो ना. म्हणाल्या, 'सिस्टरची भाची. दिसायला गोड हाय, पण जरा मंद हाय बिचारी.'

तेजूने मान वर केली नाही. कांद्याला पात काढता काढता म्हणाली, 'मी न्हाय मंद.'

विमलबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. मी तोंड फिरवलं. मग रात्री बसून आठवू लागले, हा शब्द मी तिच्यामागे किती वेळा म्हणाले, उदय किती वेळा म्हणाला, तू शिवराळपणा करताना कितीदा म्हणालीस, गुरुजी, माझी आई, एसटीतली माणसं. तो आपल्या तोंडांवर तिला किती वेळा दिसला असेल, प्रेमला, आणि तिने काय समजून घेतलं असेल, ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

तू बाळंतपण आटपून ये. येणारं बाळ कसंही असो, त्याच्या कानात आधी बघू. आणि देऊरला सगळ्यांना सांगून ठेव, तुझ्या आईला, भैरूला, किसन गुरुजींना तर आधी: तेजू घरी येईल तेव्हा तिच्यामागे जपून बोला. तिला ऐकू येतं.

तुझी
सुनयना